बाहेर आल्याची सही

अप्पा, मिलच्या रजिस्टरात तुम्ही अजून बाहेरच आहात. मी परवा पुन्हा पाहिलं. गोदाम क्रमांक तीन, दुपारचे दोन, आणि 'बाहेर आल्याची सही' या रकान्यात तुमची ती सही, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट सोडलेली. त्यानंतर चार तासांनी तुम्ही पुन्हा आत गेलात. ते लिहायला त्या तक्त्यात जागाच नाही. तक्ता मी आखला होता. एकदा बाहेर आलेला माणूस परत आत जाईल, हे मला सुचलं नव्हतं.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. वालूरला, तुमच्या गावी, लिंगायत रीतीने तुम्हाला मातीत बसवलं तेव्हा मी बायकांच्या मागे उभी होते. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, मांडी घातलेली. गोदामाबाहेर बसायचात तेव्हा अशीच पाठ ताठ असायची तुमची. मला सारखं वाटत होतं, आता मान वळवून म्हणाल, "मॅडम, लांब कामून हुब्या? हिकडं या की." माझ्या शेजारी कोणीतरी हळूच म्हणालं, "येवढा जाणता माणूस, पर तोंडाला मास्क न्हाई अन् गेला आत. चूकच की ती." मी ऐकलं. मला वाटत होतं, खरं काय ते तिथे मला एकटीलाच ठाऊक आहे, आणि मी पदर सारखा करत गप्प उभी राहिले.

आपली पहिली भेट भांडणानेच झाली. मी परभणीच्या विद्यापीठातून अन्नतंत्राची पदवी घेऊन सेलू-पाथरी रस्त्यावरच्या या डाळमिलमध्ये मालाची गुणवत्ता तपासायला नुकतीच लागले होते. अंगात नवा पांढरा कोट आणि डोक्यात त्याहून पांढरी हवा. तुम्ही तुमच्या हाताखालची पोरं घेऊन तुरीच्या गोदामात कीड मारायचा गॅस द्यायला आला होतात. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये गोळ्या ठेवून झाल्या की त्यांतून हळूहळू गॅस सुटत जातो, म्हणून दार लगेच लावून फटी बुजवायच्या असतात. पण तुम्ही दार लावण्याआधी उंबऱ्यावर उभे राहिलात आणि एकेकाच्या नावाने हाक मारायला लागलात. ज्याचं नाव घेतलं त्याने तुमच्या डोळ्यांसमोर येऊन 'ओ' द्यायची. हमाल झाले, मुकादम झाला, मिलचे शेठही निमूटपणे ओ देऊन गेले. मग तुम्ही माझं नाव घेतलंत.

"मी ऑफिसातली आहे," मी म्हणाले. "मी आत गेलेच नव्हते."

"गॅसला हुद्दा कळत न्हाई, मॅडम. ओ द्या."

"अहो, समोर तर उभी आहे!"

"दिसायलात की. पर ओ द्या."

सगळे हमाल बघत होते. मी इतकी चिडून ओ दिली की मुकादमाला हसू आवरेना. तुम्ही हसला नाहीत. दार ओढलंत, चिकटपट्टी लावायला घेतलीत, आणि काम संपल्यावर जाता जाता तुमच्यातल्या नमस्काराच्या रीतीने "शरणार्थी, मॅडम" म्हणून हात जोडलेत. मी घरी जाऊन आईला सांगितलं की आमच्याकडे एक फार आगाऊ म्हातारा येतो.

त्या आगाऊ म्हाताऱ्याकडून मी नऊ वर्षं शिकले. पदवीच्या पुस्तकात जे होतं ते परीक्षेपुरतं होतं. गोदामाचं दार उघडल्यावर पहिला श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे घ्यायचा नाही, हे तुम्ही शिकवलंत. माल लवकर उचलायचा म्हणून व्यापारी कितीही गयावया करो, दिवस पुरे झाल्याशिवाय चिकटपट्टीला हात लावू द्यायचा नाही, हेही. एकदा गंगाखेडच्या एका व्यापाऱ्याने तुम्हाला 'नाकापेक्षा मोती जड' म्हटलं. तुम्ही म्हणालात, "व्हय, जड हाय. तुमी हलकं बगा दुसरं कुटं." आणि खुर्चीवरून हलला नाहीत.

आणि तुमचा तो डबा. तुमची जीप कीड मारायच्या औषधांची, म्हणून तिच्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही. काकू वालूरच्या घरून भाकरी वडापच्या, म्हणजे सीटमागे भाडं घेणाऱ्या, जीपमध्ये द्यायच्या आणि तुम्ही दुपारी मिलच्या फाटकावर त्या वडापची वाट पाहत बसायचात. वडाप चुकलं की उपाशी. मी एकदा म्हटलं, अहो अप्पा, पुढच्या सीटवर ठेवा ना डबा, कोण बघतंय? तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी एखादी शिवी दिल्यासारखं. "बगतंय कोण असं इचारू न्हाई, माय. खातंय कोण ते इचारावं." आजूबाजूला कोणी नसलं की तुम्ही मला माय म्हणायचात. चारचौघांत मात्र मॅडम, तेही जरा लांबवून, मला चिडवायला.

तीन वर्षांपूर्वी मला त्या समितीचं पत्र आलं. अन्नाच्या कारखान्यांना बाहेरून सेवा देणारे जे लोक असतात, कीड मारणारे, यंत्रं धुणारे, टाक्या साफ करणारे, माल वाहून नेणारे, त्यांच्या कामासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक लिहायचं होतं. निरनिराळ्या देशांतली माणसं आणि दर पंधरा दिवसांनी लॅपटॉपवर बैठक. लहान गावात राहून प्रत्यक्ष काम बघणारं कोणीतरी हवं होतं म्हणून माझी वर्णी लागली. मी हवेत. तुम्हाला सांगायला धावत आले.

"म्हंजे ह्ये आमच्यासाठी लिवायलेत?" तुम्ही विचारलंत.

"तुमच्यासाठीच."

"मग आमाला कोण इचारलं?"

"मला विचारलंय ना. मी तुम्हाला विचारते."

"हां. मंग ठीक हाय."

तेव्हापासून वजनकाट्याच्या केबिनमध्ये आपली बैठक सुरू झाली. मी एकेक कलम मराठीत वाचायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. कधी म्हणायचात, "बराबर." कधी म्हणायचात, "ह्ये लिवणाऱ्यानं गोदाम बगितलं न्हाई." अन्न आणि औषध एका गाडीत न नेण्याच्या कलमावर तिकडे दोन बैठका वाद झाला, 'नेऊ नये' लिहायचं की 'शक्यतो टाळावे'. मी त्यांना काकूंच्या डब्याची आणि चुकलेल्या वडापची गोष्ट सांगितली. एक बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. 'शक्यतो' गेलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही काकूंना फोन लावून म्हणालात, "तुजी भाकर इलायतेला गेली बग." त्या दिवसाबद्दल मी देवाचे, तुमचे, काकूंचे, वडापवाल्याचेही आभार मानते.

पण हाकांच्या कलमावर आपलं जमलं नाही, आणि ते तसंच राहिलं. तुमचं म्हणणं होतं की दार लावायच्या आधी नावाने हाक मारणं 'केलेच पाहिजे' या शब्दांत यायला हवं. मी ते मांडलं, आणि खरं सांगते, जीव तोडून मांडलं नाही. त्यांनी विचारलं, हाक मारल्याचा पुरावा काय? तपासणीला आलेल्या माणसाला काय दाखवणार?  मलाही ते पटलं. मग मी तक्ता आखून दिला. नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, सही. सगळ्यांना आवडला. माझं कौतुक झालं.

तुम्ही तो तक्ता हातात धरून बराच वेळ बघत बसलात. मग म्हणालात, "माय, सही मघाची असती. आवाज आत्ताचा असतो."

मी म्हणाले, "अप्पा, आवाज फायलीत लावता येत नाही."

तुम्ही तक्त्याची घडी घालून तो खिशात ठेवलात. मला वाटलं मी जिंकले.

मग समितीने सांगितलं की मसुद्यातले तक्ते प्रत्यक्ष एखाद्या ठिकाणी वापरून बघा आणि अहवाल पाठवा. मी आपली मिल निवडली आणि तुम्हाला निवडलं. तुम्ही तयार झालात. "तुजा कागद हाय, चालवू." फक्त एवढं म्हणालात, की सही बी घेऊ अन् हाक बी मारू, दोन्ही ठेवू. अप्पा, मी नाही म्हणाले. दोन्ही ठेवलं तर नेमकं काय उपयोगी पडलं ते कळणार कसं, म्हणाले. प्रयोग म्हणजे प्रयोग. मी हमालांना जमवून सांगितलं की आता हाकेसाठी ताटकळायचं नाही, सही केली की मोकळे. ते खूश झाले. तुम्ही मागे हात बांधून उभे होतात. तुम्ही तेव्हा भांडायला हवं होतं. इतक्या लोकांशी भांडलात, माझ्याशीच का नाही?

त्या दिवशी मी नमुने घेऊन परभणीला गेले होते. पुढचं सगळं मला मुकादमाने सांगितलंय आणि रोज सांगतो, मी न विचारता. दोन वाजता सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुम्ही हाक मारली नाहीत, दार लावलंत. पोरं जीप आणि दोन्ही मास्क घेऊन पाथरीच्या कामाला गेली, कारण इथे आता कोणी आत जाणार नव्हतं. तुम्ही खुर्ची टाकून बसलात. पण तुम्हाला चैन पडेना. दोनदा उठलात, दाराभोवती फिरलात. सहाच्या सुमारास हमाल हातपाय धुऊन निघायला लागले तेव्हा तुम्ही फाटकात उभे राहिलात आणि म्हणालात, "येक डाव ओ द्या रे, म्हाताऱ्याची सवय हाय." आणि नावं घ्यायला लागलात.

हमालांतल्या मारोतीची ओ आली नाही. कोणी त्याला दुपारपासून पाहिलं नव्हतं. फोन लागत नव्हता. आणि त्याच्या चपला गोदामाच्या उंबऱ्याशी होत्या.

मुकादम म्हणतो, "म्या म्हणलं अप्पा, रजिस्टरात सही हाय त्याची. तर म्हणले, सही हाय, माणूस कुटंय?" तुम्ही उपरणं ओलं करून नाकाला बांधलंत, पट्टी फाडलीत आणि आत गेलात. आतून तुमचा आवाज येत होता म्हणतो, मारोती, ए मारोती, थप्पीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे. मग आवाज यायचा थांबला. त्याने आणि आणखी दोघांनी दार सताड उघडून, श्वास कोंडून तुम्हाला ओढून बाहेर काढलं.

मारोती सासुरवाडीला गेला होता. मेहुण्याचं लग्न. सही करून मोकळा झाला, पिशवीतले नवे बूट घातले, जुन्या चपला तिथेच टाकल्या आणि एसटी धरली. तुमच्या रीतीत तो ओ दिल्याशिवाय जाऊच शकला नसता. माझ्या रीतीत तो बरोबर वागला. तो परवा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, अनवाणी. म्हणाला, "म्या सही केली व्हती, मॅडम. तुमी म्हणल्या तशी." मी म्हणाले, हो रे, तू काही चुकला नाहीस. तो गेला नाही. तसाच उभा राहिला, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

दवाखान्यात मला आत सोडलं नाही. काचेतून तुमचे पाय दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. वालूरला सगळं आटोपल्यावर काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, त्यांनी तुज्यासाठी सांगून ठिवलंय. म्हणले, तिला म्हणावं कागद चांगला हाय. मास्क म्याच जीपमंदी जाऊ दिला. चूक माजी हाय." मी मान हलवली. अप्पा, मला तेव्हा हायसं वाटलं. तुमच्यावरची माती अजून ओली होती, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. याची मला जितकी लाज वाटते तितकी त्या तक्त्याचीही वाटत नाही.

तेव्हापासून तुम्ही पाठ सोडलेली नाही. मी तांदूळ मोजून घेत असते आणि मागून हाका सुरू होतात. एकेक नाव येतं, त्याची ओ येते, मग मारोतीचं नाव येतं आणि पुढे काहीच येत नाही. ऑफिसात कोणी कोणाला मोठ्याने बोलावलं तरी मी मान वर करून आधी त्याची ओ येते का ऐकते. गोदाम तीन आता स्वच्छ करून भरलंय, हरभरा लागलाय. मी त्या दारासमोरून जात नाही, कार्यालयाला वळसा घालून जाते. हमाल ते बघतात.

आणि तरीही मी अहवाल लिहिला. चौथ्या दिवशीच. तारीख जवळ आली होती. त्यात लिहिलं की सर्व व्यक्ती बाहेर असल्याची नोंद अचूक होती आणि कामाच्या ठेकेदाराने सवयीने, संरक्षणाशिवाय, बंद गोदाम उघडलं. एकेक शब्द खरा. दोन्ही ठेवू असं तुम्ही म्हणाला होतात आणि मी नाही म्हणाले, तेवढं एक वाक्य मी लिहिलं नाही. आठवड्याने समितीकडून पुढचा मसुदा आला. त्यात उदाहरण म्हणून तुमच्यावर एक चौकट होती. नाव नाही, 'एक अनुभवी ठेकेदार'. खाली धडा दिलेला, की अनुभव असलेल्या माणसांनाही शिस्तीचं पुन्हा प्रशिक्षण द्यावं. ती चौकट जगभरच्या कीड मारणाऱ्यांना शिकवली जाणार होती. पस्तीस वर्षं एकही माणूस आत राहू न देणाऱ्या माणसाचा धडा बेशिस्तीचा.

गेल्या गुरुवारी बैठक होती. मी माझी पाळी येण्याआधीच बोलायला लागले, आवाज चढलेला. अध्यक्ष सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, "पण रजिस्टर अचूक होतं ना?"

"होतं."

"आत कोणी नव्हतं?"

"नव्हतं."

"मग दोष कुठे होता?"

मी सांगितलं. दोन्ही ठेवू असं हा माणूस म्हणाला होता. मी ते काढायला लावलं, आणि अहवालातून हे वाक्यही मीच वगळलं. जी सही करून माणूस निघून जाऊ शकतो त्या सहीने फक्त माझं समाधान झालं, त्याचं झालं नाही. त्याला कोणीतरी आत आहे असं वाटलं आणि तो वाट बघत बसला नाही. ही चौकट काढा किंवा माझं नाव घालून पुन्हा लिहा.  शेवटी ठरलं की चौकट काढायची, माझा अहवाल परत घ्यायचा आणि हाकेचं कलम पुढच्या चर्चेला ठेवायचं. ते येईल की नाही मला ठाऊक नाही. मी त्या गटात राहीन की नाही, तेही नाही. हे सगळं वरातीमागून घोडं आहे, अप्पा, मला कळतं.

पण काकूंना सांगायचं राहिलं होतं. चौकट काढायला लावणं सोपं होतं, तिथली माणसं लांबची. काल मी वालूरला गेले. काकू ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, दोन्ही ठेवू म्हणाला होतात तिथपासून अहवालापर्यंत. त्यांचा हात सुपात चालूच राहिला.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"खोटं बोलताना त्यांना माज्याकडं बगता येत न्हवतं. दवाखान्यात भितीकडं बगून सांगितलं सगळं. तवाच वळकलं म्या, कुणाला तरी वाचवायलेत म्हून."

मला वाटलं आता त्या रडतील, किंवा मला जवळ घेतील. त्यांनी सूप खाली ठेवलं. मला नेहमी तू म्हणणाऱ्या काकू म्हणाल्या, "हे बगा बाई, त्यांनी तुमाला माफ केलं, त्ये त्यांचं. माजं अजून झालेलं न्हाई."

मी उठले. पायात चप्पल घालताना नीट दिसत नव्हतं. मागून त्या म्हणाल्या, "पर तुमी येत जा. आल्याबिगर ते व्हायचं न्हाई."

मी सोमवारी जाणार आहे, अप्पा.